कूलरचं कलम

“मोठ्यानं वाच, शामला. आपण लिहिलेलं आपल्यालेच ऐकू आलं नाही, तर बांधणाऱ्याले काय ऐकू येईन वं?”

गिरिधरसर जाऊन बरेच दिवस झाले होते. त्यांच्या जागी आता त्यांचा मुलगा सुशील बसत होता, खुर्ची नवी आली होती, भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीलाही कोपरा दाखवण्यात आला होता. पण कागदांचा गठ्ठा समोर आला, की शामला पौनीकरच्या कानात सरांचा तो आवाज आपसूक उठायचा. मोठ्यानं वाच. नेमकं तेच तिला जमत नसे. तिचं माहेर नागपूरच्या महाल भागातल्या कोष्ट्यांचं. घरात दिवसभर मागांचा खडखडाट, ओरडून बोलेल त्याचंच तिथं ऐकू जायचं, आणि ही पोर ओरडणारी नव्हती. लग्न होऊन सक्करदऱ्याला आली तरी आवाज तसाच राहिला. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, रामरक्षा, आणि कोराडीच्या जगदंबेपुढे धरलेला एक नेम: दिवसभरात कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही. ऑफिसात हा नेम सगळ्यांना ठाऊक होता. आणि ज्यांना ठाऊक होता, ते त्याचा फायदा उठवायचं सहसा सोडत नसत.

ऑफिस धंतोलीत. काम म्हटलं तर लिहिण्याचं. इमारतीचा नकाशा आर्किटेक्ट काढतो, खांब-तुळया स्ट्रक्चरचा इंजिनिअर मांडतो, विजेचा माणूस वेगळा, नळाचा वेगळा. प्रत्येकाला आपापलं नीट कळतं आणि शेजारच्याचं मुळीच कळत नाही. या सगळ्यांचं म्हणणं एका पोथीत आणायचं, कोणता माल, तो कसा लावायचा, कुणी तपासायचा, हे कलमवार लिहायचं, आणि एकाचं कलम दुसऱ्याच्या पायात येणार नाही हे पाहायचं. ठेकेदार टेंडर भरतो तो या पोथीवर, आणि बांधतोही तिच्यावरच. पोथीला ऑफिसात नुसतं ‘स्पेक’ म्हणत. शामला ती लिहायची.

गिरिधरसरांनी या कामाला एक रीत घालून दिली होती. मसुदा पुरा झाला की सगळ्या सल्लागारांना एका टेबलाभोवती बसवायचं आणि पहिल्या कलमापासून मोठ्यानं वाचायचं. कलम संपलं की ते ज्याच्या अखत्यारीतलं, त्यानं म्हणायचं, “माझं.” कुणीच बोललं नाही, तर सर पेन खाली ठेवत आणि चहा सांगत. कुणीतरी माझं म्हणेपर्यंत पुढचं पान उलटत नसे. कितीदा तरी चहाची दुसरी फेरी व्हायची, लोक वैतागायचे, सर हलायचे नाहीत. आणखी एक नियम होता. वाचणाऱ्यानं माझं म्हणायचं नाही. वाचणारा कुणाच्याच बाजूचा नसतो, म्हणून तर सगळे त्याच्यासमोर खरं बोलतात, असं सर म्हणायचे. वाचायची शामला.

ही रीत सरांना सुचली ती एका कूलरमुळे. शामला नवी होती तेव्हाची गोष्ट. मुलांच्या एका वसतिगृहाचं काम ऑफिसनं केलं होतं. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर कूलर ठेवला. नागपूरच्या उन्हाळ्यात पोरं कूलर ठेवणार नाहीत तर काय करतील? छज्जा होता ऊन-पाऊस अडवायला. पाण्यानं भरलेल्या कूलरचं ओझं त्यात कुणी धरलेलंच नव्हतं. एका दुपारी छज्जा तुटला. खाली सावलीत रामाजी नावाचे चौकीदार बसले होते. जीव वाचला, एक पाय गेला. चौकशी झाली. आर्किटेक्टनं आपली पानं दाखवली, स्ट्रक्चरवाल्यानं आपली, विजेवाल्यानं आपली. कुणाच्याच पानावर कूलर नव्हता, म्हणून कुणाचीच चूक निघाली नाही. सगळ्यांची पानं स्वच्छ. सर दवाखान्यात जाऊन आले, खूप दिवस कुणाशी धड बोलले नाहीत, आणि मग वाचन सुरू झालं.

आता काम होतं कळमेश्वरच्या मुलींच्या वसतिगृहाचं. शेतकऱ्यांच्या पोरी, तालुक्याच्या गावी शिकायला येणाऱ्या. संस्था मनोहररावांची, ते अध्यक्ष. लिहिण्याआधी शामला सध्याचं वसतिगृह बघून आली होती. भाड्याची इमारत, प्रत्येक खिडकीला एक कूलर लटकलेला. कुठे तारेनं बांधलेला, कुठे जुन्या ओढणीनं. एक तर छज्ज्यावर मोडका बाक टाकून त्यावर तिरपा उभा केला होता, आणि त्याच्या खाली पोरींच्या चपला ओळीनं काढून ठेवलेल्या.

वार्डन प्रेमिलाताई दारातच उभ्या राहिल्या. या म्हणाल्या नाहीत.

“मापं घेता, फोटू काढता, अन मंग जाता,” त्या म्हणाल्या. “हे इमारत बांधली तवाही कोणी ना कोणी लिहिलंच असन ना सारं? कूलर तेवढा लिहाचा राहिला असन.”

“मी लिहीन,” शामला म्हणाली.

“काय म्हणता? ऐकू नाही आलं.”

“कूलरचं मी लिहीन, म्हटलं.”

“लिहितात सारेच. आमाले वाचून कोन दाखवते?”

“मी दाखवीन. छापायला जायच्या आधी येऊन वाचून दाखवीन.”

प्रेमिलाताईंनी तिला खालून वर पाहिलं. “पाहू,” म्हणाल्या, आणि चहासुद्धा विचारला नाही.

शामलानं कलम लिहिलं. प्रत्येक खोलीच्या खिडकीबाहेर कूलरसाठी काँक्रीटचा ओटा. तो छज्ज्यावर टेकवायचा नाही, मुख्य तुळईतूनच बाहेर काढायचा, पाण्यानं भरलेल्या कूलरचं वजन धरून. पाण्याची नळी ओट्यापर्यंत, सांडपाण्याला वेगळी वाट. विजेचा पॉइंट आतल्या भिंतीवर, ओला हात पोचणार नाही अशा जागी. साधं कलम. पण त्यात चौघांचा हात लागत होता, आणि चौघांचा हात लागणारं काम कुणाच्याच हातात राहत नाही, हे या धंद्यात मुरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

झालंही तसंच. स्ट्रक्चरचा जितेंद्र म्हणाला, नकाशात ओटा दाखवा, मी वजन धरतो. नकाशात नाही तर वजन नाही. विजेचे बाबनराव म्हणाले, पॉइंट देतो, पण देऊ कुठं, हवेत? नळाचं काम बघणाऱ्यानं तर निरोपाला उत्तरच दिलं नाही. आणि नकाशा जिच्या हातात, ती आर्किटेक्ट श्वेता ऐकायला तयार नव्हती. सिव्हिल लाइन्समध्ये तिचं नाव होतं, दर्शनी बाजू पांढरीशुभ्र, सरळ रेषांची, हीच तिची ओळख. “प्रत्येक खिडकीखाली एकेक ओटा,” ती म्हणाली, “माझ्या इमारतीला ढेऱ्या सुटल्यासारखं दिसेल, शामलाताई. मी नाही सुटू देणार.”

सुशीलनं शामलाला केबिनमध्ये बोलावलं. श्वेताच्या हातात पुढची मोठी कामं होती आणि ती कुणाकडे जाणार हे अजून ठरायचं होतं, एवढं त्यानं आडून सांगितलं. मग आडून बोलणं सोडलं.

“लिहिलं तर ते आपलं होते. नाही लिहिलं तर पोरींनी लटकवला. साधी गोष्ट आहे. काहून वाढवून राहिले तुम्ही?”

शामला म्हणाली, पोरी लटकवणारच आहेत, हे आपल्याला आजच माहीत आहे.

“माहीत असणं वेगळं, कागदावर असणं वेगळं. एवढी वर्षं याच धंद्यात आहात ना?”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तिनं पाठवलेला मसुदा परत यायचा तो ते कलम गाळून. ती पुन्हा घालायची. नव्या पोरीपोरांसमोर सुशील म्हणायचा, आपल्याकडे एक कलम आहे, त्याला मरण नाही. कुणी हसायचं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडून हात जोडायची, तेव्हा जितेंद्र विचारायचा, “कूलरसाठी नवस बोलले का ताई?” ती डबा संपवायची, घासून ठेवायची, जागेवर येऊन बसायची. तोंडात आलेलं गिळायला शिकणं, हाही नेमाचाच भाग होता. पण गिळलेलं सगळं पचत नाही, हे तिला या दिवसांत नव्यानं कळत होतं.

शेवटी तिनं एकच मागितलं. वाचन होऊ द्या. सरांच्या रीतीनं, सगळ्यांना बसवून. सुशीलनं ही रीत कधीच बंद केली होती, तेव्हा तो नाहीच म्हणेल अशी तिची खात्री होती. पण तो लगेच हो म्हणाला. तेव्हाच तिला खटकायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी सगळे जमले. श्वेता आली ती खिडकीजवळची खुर्ची ओढून बसली आणि मोबाइल उपडा ठेवला, म्हणजे तेवढा मान दिला. शामलानं मनात रामनाम घेतलं आणि वाचायला सुरुवात केली.

“जरा मोठ्यानं, ताई,” जितेंद्र म्हणाला. “नेम तुमचा आहे, आमच्या कानांचा नाही.”

हसू फिरलं. तिनं आवाज चढवला, जितका चढत होता तितका. पायाचं खोदकाम. “माझं,” जितेंद्र. सळयांवरचं काँक्रीटचं आवरण. “माझं.” वीट, गिलावा, फरशी. “माझं, माझं,” श्वेता. पॅनल बोर्ड, अर्थिंग. “माझं,” बाबनराव. आवाज कंटाळलेले होते, पण येत होते. मध्ये एका ठिकाणी नळाचा पाइप आणि जितेंद्रची तुळई एकमेकांत घुसत होती. ती जागा वाचनातच सापडली, दोघांनी एकमेकांना चार शब्द सुनावले आणि जागच्या जागी मिटवलं. शामलाला क्षणभर वाटलं, रीत अजून जिवंत आहे.

मग ते कलम आलं. तिनं ते सावकाश वाचलं. ओटा, तुळई, नळी, पॉइंट. वाचून थांबली.

कुणी बोललं नाही.

जितेंद्र छताकडे बघत होता. श्वेतानं मोबाइल सुलटा केला. नळवाला बोटं मोडत होता. बाबनरावांचे ओठ हलल्यासारखे झाले. पण सुशीलनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. शामलाच्या लक्षात आलं. हे सगळे ठरवून आलेत. तिनं मागितलेलं वाचन तिलाच गप्प करायला मांडलं होतं.

सरांसारखंच करायचं, म्हणून तिनं पेन खाली ठेवलं. “चहा सांगते,” म्हणाली.

“चहा नको,” सुशील म्हणाला. “कोणी माझं म्हटलं? नाही ना? मंग कोणाचंच नाही. काढा.”

“कोणी म्हणेपर्यंत थांबायचं असतं.”

“थांबाले वेळ बाबांजवळ होता. टेंडर सोमवारी निघते.”

टेबलावरचा लाल पेन त्यानं उचलला. शामलाच्या डोळ्यांसमोर एकदम घरचा माग आला, बाबा मागावर बसलेले. ताण्याचा धागा तुटला की तो कुणाच्या हातून तुटला हे त्या घरात कुणी विचारत नसे. ज्याला दिसला तो गाठ मारायचा आणि माग पुढे चालायचा.

“मग माझं,” ती म्हणाली.

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. जितेंद्र हसला, मग हसू आवरलं. सुशील हसला नाही.

“वाचणाऱ्याचं काही नसते,” तो म्हणाला. “हाही बाबांचाच नियम आहे ना? का नियम आता सोयीनं पाळाचे?”

ते खरंच होतं. ज्या रीतीच्या जिवावर ती इथवर आली होती, त्याच रीतीनं तिचं तोंड बांधलं होतं. घशाशी आलेले शब्द कढत होते. तुला लाज वाटत नाही का, इतके साधे शब्द. तिनं ते गिळले आणि जे कठोर नव्हतं तेवढंच बोलली.

“रामाजींना तुम्ही ओळखता, सुशीलजी.”

सुशीलनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“ओळखतो. लहानपणापासून ओळखतो. बाबा त्याले पाहाले जात. दर महिन्याले, सणावाराले. माझ्या शाळेत एकदा नाही आले. घरी आले तरी जेवताना कागद वाचत, मोठ्यानं, आम्ही ऐकाचं. माझी आई ‘माझं, माझं’ म्हणाची, आमटी निवू नये म्हणून.” तो थांबला. “त्या एका कूलरनं माझा बाप नेला, शामलाताई. आता ऑफिस नेऊ नका.”

आणि त्यानं कलमावर लाल रेघ ओढली. एकच, सरळ, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

उरलेली पानं शामलानं वाचली. आवाज एकदाही कापला नाही, फक्त पहिल्यासारखा हळू झाला, आणि आता कुणी मोठ्यानं वाच म्हणालं नाही. सगळं संपल्यावर सुशीलनं वरचं पान तिच्यापुढे सरकवलं. तयार करणारी, शामला पौनीकर, आणि सहीची मोकळी जागा.

“वाचन पुरं झालं नाही अजून,” ती म्हणाली.

“सगळी पानं झाली.”

“पानं झाली. ऐकणारे राहिलेत.”

सुशीलला कळलं की नाही, हे तिला कळलं नाही. “सोमवारी इथं सही पाहिजे,” तो म्हणाला. “तुमची नाही तर दुसऱ्या कोणाची. मंग खुर्चीही त्याचीच.”

जिन्यात बाबनराव तिला गाठून म्हणाले, “पॉइंट माझाच होता, ताई. पण माझं पुढचं काम त्याच्याच हातात हाय.”

“तिथंच म्हणायचं होतं, बाबनराव.”

एवढंच बोलली. घरी येईपर्यंत तेही तिला कठोर वाटू लागलं, आणि त्या संध्याकाळी तिनं जेवण सोडलं. उपाशी पोटी माणसाला आठवतं फार. तिला सर आठवले, अगदी शेवटच्या दिवसांतले, अंथरुणावरून बोलणारे. मालक म्हणजे पैसे देणारा नाही वं, म्हणाले होते. मालक म्हणजे इमारतीत निजणारा. तेव्हा तिला ते आजारी माणसाचं बोलणं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रेमिलाताईंना फोन केला. उद्या येते म्हणाली, वाचायला.

प्रेमिलाताई म्हणाल्या, “मले वाटलं, तुमी इसरल्या.” आवाजातला जुना कडवटपणा तसाच होता, फक्त थोडा बाजूला सरकला होता. शनिवारी पोरी मारुतीची आरती करतात, त्या म्हणाल्या, आणि मनोहररावही येतात. त्यांच्यासमोर वाचाल का?

“जे ऐकतील त्यांच्यासमोर.”

“कूलरचं हाय ना त्यात?”

शामला खिडकीबाहेर पाहत राहिली. समोरच्या घराच्या छज्ज्यावर, तारेनं बांधलेला, एक कूलर होताच.

“होतं,” ती म्हणाली. “आता त्याच्यावर लाल रेघ आहे. रेघेसकट वाचीन.”

याचा अर्थ काय होतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ऑफिसच्या डोक्यावरून संस्थेच्या दारात जाणं, त्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. मनोहरराव ऐकतील किंवा हात जोडून मोकळे होतील. खर्च वाढतो म्हणतील, श्वेताला दुखवायला नको म्हणतील. ते कलम जगेल की नाही, हे तिच्या हातात नव्हतं. पोरींनी ते ऐकायचं की नाही, एवढंच होतं.

शनिवारी ती नेहमीच्या वेळी उठली. आंघोळ, तुळस, रामरक्षा. शनिवारचा उपास होताच. पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं कापडी पिशवीत ठेवली, सहीची जागा मोकळीच. निघण्याआधी तुळशीपुढे उभी राहिली आणि कलम एकदा म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी आवाज नेहमीसारखाच आला, स्वतःपुरता. तिनं पदर सावरला, घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं. ओटा छज्ज्यावर टेकवू नये. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. शामला थांबली नाही. तुळईतून काढावा, पाण्यानं भरलेल्या कूलरचं वजन धरावं. शेवटी आवाज चिरकला, तरी शब्द पुरे झाले.

पिशवीत फोन वाजायला लागला. सुशीलचं नाव होतं. तिनं तो वाजू दिला, दाराला कडी घातली, कुलूप ओढून पाहिलं, आणि कळमेश्वरच्या बसला जायला निघाली.